पहिली इलेक्ट्रिक लक्झरी कार: आधी पार्किंग, मग रेंज

वरळी ते मरीन ड्राइव्ह हा किनारी रस्ता १०.५८ किमीचा. एवढ्या रोजच्या फेऱ्यांना कुठलीही आलिशान ई-कार पुरून उरते. म्हणून निवड घरच्या चार्जिंगपासून सुरू करावी. चाकणला जोडणी झालेली मर्सिडीज ईक्यूएस ५८० (२०२२) उदाहरणादाखल घ्या: बॅटरी १०७.८ किलोवॅट-तास, एआरएआय रेंज ८५७ किमी. (हा आकडा चाचणीतला, एसी आणि मुंबईची वाहतूक त्यात मोजलेली नसते.) ११ किलोवॅटच्या एसी चार्जरवर रिकामी बॅटरी भरायला दहा तास, म्हणजे एक रात्र. घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर, साधारण ३ किलोवॅट धरले तर, दीड दिवस. बुकिंगआधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: सोसायटीची परवानगी, पार्किंगपर्यंत केबल आणि ‘बेस्ट’कडून मंजूर वीजभार.

सार्वजनिक डीसी चार्जर असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्या-नाशिकच्या वाटेवर ते चार्जर लागतातच, आणि गाडीला सीसीएस-२ सॉकेट असले की बहुतेक ठिकाणी काम भागते. पण रोजच्यासाठी ते घरच्या विजेपेक्षा महाग पडतात. दुसरी शंका किमतीची. जीएसटी ई-कारवर ५ टक्के, मोठ्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तीस लाखांवरील ई-कारवर ६ टक्के वाहनकराचा प्रस्ताव राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये मागे घेतला. अटल सेतूवर ई-कारना २२ ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे.