डोक्याला मार लागला, रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्रास का होतो?

मैत्रिणींनो, गाडीवर मागे एका बाजूला बसलेली बाई खड्ड्यात उसळून पडते. म्हशीची लाथ बसते. न्हाणीत पाय घसरतो. कधी घरातल्याच माणसाने डोकं भिंतीवर आपटलेलं असतं. डोकं फुटलं नाही, रक्त आलं नाही, की आपण म्हणतो, 'मुका मार आहे, जाईल.' बहुतेकींना दोन-चार आठवड्यांत बरं वाटतंही. पण काहींचा त्रास महिनोन् महिने राहतो. डोकं दुखतं, चक्कर येते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, झोप लागत नाही, हिशोबात चुका होतात, उगाच चिडचिड होते. गावभेटीत अशा तायांकडून एकच वाक्य ऐकायला मिळतं, "घरचे म्हणतात, नाटक करते."

हे नाटक नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं. पण हादऱ्याने मेंदूच्या कामात झालेला बिघाड त्यात सहसा दिसत नाही. मोबाइल पडल्यावर काच शाबूत असते, तरी तो हँग होतो ना, तसंच. आणि हे बाहेरचंही नाही, त्यामुळे उतारा-अंगाऱ्यात दिवस घालवू नका.

लगेच दवाखान्यात कधी?

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोलण्यात अडखळणं, हातापायात अशक्तपणा, जागं न होणारी गुंगी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. वयस्कर बायांमध्ये आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव हळूहळू होऊन काही आठवड्यांनीही त्रास दिसू शकतो. पहिला स्कॅन नॉर्मल असला तरी अशा वेळी पुन्हा दाखवायचं.

कोणत्या त्रासाला कोणता डॉक्टर?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करा. महिना उलटला तरी त्रास असेल तर "मला पुढे पाठवा, चिठ्ठी द्या" असं स्पष्ट सांगा.

• डोकेदुखी, विसर पडणं: फिजिशियन, गरज पडल्यास मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. हे डॉक्टर बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात भेटतात.

• कूस बदलताना किंवा वर बघताना घर फिरल्यासारखं होणं: कान-नाक-घसा तज्ज्ञ. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागातले बारीक कण जागेवरून सरकलेले असू शकतात. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते जागेवर आणतात. अनेकींना एक-दोन वेळातच फरक पडतो.

• मान आखडणं, चालताना तोल जाणं: फिजिओथेरपिस्ट.

• अंधुक दिसणं, वाचताना डोळे दुखणं: डोळ्यांचे डॉक्टर.

• झोप उडणं, भीती, सारखं रडू येणं: मानसोपचारतज्ज्ञ. यात लाज कसली? टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोनवरूनही मोफत बोलता येतं.

जाण्याआधीची तयारी

गटाचं रजिस्टर लिहितो तसं आठवडाभर वहीत लिहा: मार कधी आणि कसा लागला, काय दुखतं, कशाने वाढतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. जुने कागद आणि स्कॅनची फिल्म सोबत घ्या. तज्ज्ञ रोज बसत नाहीत. म्हणून कोणता वार आहे ते आशाताईंकडून विचारून मगच एसटी पकडा, नाहीतर मजुरीही बुडते आणि भाडंही जातं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जाणं जमत नसेल तर ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉलने डॉक्टरांशी बोलता येतं. त्यासाठी आरोग्य केंद्रात विचारा.

घरी काय करायचं?

पहिले एक-दोन दिवस आराम. त्यानंतर महिनाभर झोपून राहायचं नाही. थोडं चालणं, हलकी कामं, त्रास वाढला की थांबणं, असं हळूहळू वाढवत न्यायचं. डोक्यावर हंडा-मोळी घेणं आणि झाडावर-माळ्यावर चढणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. दुकानातून आणून रोज डोकेदुखीच्या गोळ्या खाऊ नका, सततच्या गोळ्यांनीही डोकं दुखायला लागतं.

मार घरातूनच लागला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. 'पडले' म्हटलं की उपचार अर्धवट होतात आणि पुन्हा मार लागण्याचा धोका तसाच राहतो. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात कुणाच्या डोक्याला मार लागला होता का, आणि तिला अजून त्रास आहे का? असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवा. भाड्याची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज देता येईल. सोबत गटातली बाई असली की तिचं म्हणणं घरचेही ऐकतात आणि डॉक्टरही.