उपचार शाळेच्या दारी येतो तेव्हा...

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् मंदिरांचे नगर म्हणून सर्वांना परिचित आहे. दर बारा वर्षांनी भरणारा महामहम् उत्सव, पितळी समया, विड्याची पाने आणि फिल्टर कॉफी ही त्याची ओळख. मराठी वाचकाचे मात्र या तंजावर जिल्ह्याशी आणखी एक नाते आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत येथे भोसले घराण्याची सत्ता नांदली. याच घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरथनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, मुलांसाठी पाठशाळा होती आणि आजारी माणसासाठी वैद्यही होते. विद्या आणि उपचार एकाच छपराखाली असावेत, हा विचार या मातीला नवा नाही.

आज त्याच विचाराची खरी गरज आहे ती विशेष गरजा असलेल्या मुलांना. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. त्याला फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि बहुधा वाचोपचारही लागतो. उपचार केंद्र जिल्ह्याच्या गावी असेल, तर खेड्यातील आईला मुलाला कडेवर घेऊन बस गाठावी लागते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि मुलाची शाळाही. मूल वाढते, वजन वाढते, कडेवर घेणे कठीण होते. मग फेऱ्या विरळ होतात आणि एक दिवस थांबतात. मुलाची वाढ मात्र थांबत नाही. हाडे वाढत जातात, ताठरलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाहीत, सांधे आखडतात. काल भिंतीला धरून उभे राहणारे मूल उद्या बसूनच राहते. गमावलेली ही वर्षे पुढे भरून काढणे फार अवघड असते.

तमिळनाडूत सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून गटसाधन केंद्रांमार्फत विशेष शिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट या मुलांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१८ पासून हे काम समग्र शिक्षा योजनेखाली येते. ज्यांना शाळेपर्यंत येणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे.

परंतु शाळेतील उपचार म्हणजे रुग्णालयातील एक खाट उचलून वर्गाशेजारी ठेवणे नव्हे. उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास येतो. उरलेले दिवस मूल शिक्षकांच्या आणि आईच्या हाती असते. म्हणून त्याचे अर्धे काम मुलाच्या शरीरावर, तर अर्धे मुलाभोवतीच्या माणसांवर असते. पाय लोंबकळू नयेत म्हणून बाकाखाली पाट ठेवावा, मान सावरण्यासाठी टॉवेलची गुंडाळी लावावी, पेन्सिल बोटांत धरता यावी म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. बोलू न शकणाऱ्या मुलासाठी पाणी, भूक, स्वच्छतागृह अशी चित्रे लावलेला पुठ्ठा पुरतो. प्रार्थनेच्या वेळी आधाराने उभे राहणे हा व्यायाम होतो, मधल्या सुट्टीत स्वतःच्या हाताने घास घेणे हा व्यवसायोपचार ठरतो. वर्गमित्रांनाही मदत केव्हा करावी आणि केव्हा थांबावे हे कळू लागते.

या मार्गाचा भारतातील एक आरंभ मुंबईत झाला. १९७२ मध्ये डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि शिक्षण व उपचार एकत्र देणारी शाळा कुलाब्यात सुरू केली. त्यामागे त्यांची कन्या मालिनी चिब यांना योग्य शाळा न मिळाल्याची वेदना होती. एका बोटाने टंकलेखन करणाऱ्या मालिनी यांनी पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि २०११ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पुढे याच संस्थेने आपली मुले सर्वसाधारण शाळांत पाठविण्याचा मार्ग धरला.

कायदाही आता पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. अशा मुलाचे पालक शाखेत येतात, तेव्हा ही माहिती त्यांच्या कानावर घालणे हीदेखील मोलाची सेवा ठरेल.

तरीही कायदा आणि योजना शाळेच्या दारापर्यंतच येतात. दाराच्या आत, बाकाखाली तो पाट रोज ठेवणारा हात शिक्षकाचाच असावा लागतो. कुंभकोणम् असो वा कोल्हापूर, उपचारतज्ज्ञ निघून गेल्यानंतरच्या सहा दिवसांत वर्गात काय घडते, यावरच मुलाचे उभे राहणे अवलंबून असते.