‘कॉटन ग्रीन’: स्थलनाम आणि कंटेनर

मुंबईच्या हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ हे नाव मुळात त्या जागेचे नव्हेच. कोटातील ‘ग्रीन’वर, म्हणजे हिरवळीवर, पूर्वी कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८४४ साली तो बाजार कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीनजीकच्या भरावाच्या जमिनीवर आला. बाजाराबरोबर नावही आले. हिरवळ मात्र मागेच राहिली. तेथे आता हॉर्निमन सर्कल आहे.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट कायम होती : माल बंदराच्या निकट असे. गासडी, गोणी, पिंप एकेक करून चढवावे-उतरवावे लागे आणि जहाज दिवसचे दिवस धक्क्यास लागून राही. त्यामुळे धक्का, १९१५ साली सुरू झालेली बंदराची रेल्वे, वखार आणि हमाल यांना परस्परांजवळ राहणे भाग होते.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्क बंदर सोडले, तेव्हा हा संबंध तुटण्यास आरंभ झाला. सुटा माल चढविण्यास टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. या पद्धतीने सुमारे १६ सेंट पडले. परंतु स्वस्ताईहून महत्त्वाचे ते हे, की कारखान्यात बंद केलेली पेटी थेट गिऱ्हाइकाच्या दारी उघडता येते. मध्यंतरी मालास कोणाचा हात लागत नाही. अशा बंदरास खोल पाणी व विस्तीर्ण पटांगण हवे. नगराने वेढलेल्या मुंबईच्या गोद्यांत ते कोठून असणार? १९८९ साली समोरच्या तीरावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पेट्यांचा ओघ तिकडे वळला.

कॉटन ग्रीनच्या उतरणीचा सारा दोष कंटेनरच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. तथापि गिरण्या टिकल्या असत्या, तरी परदेशी जाणाऱ्या मालास धक्क्यालगतच्या वखारीची निकड उरली नसती.

या स्थित्यंतराची खूण शब्दांतही दिसते. ‘गासडी’ म्हटले की कापूस डोळ्यांपुढे येतो. ‘माथाडी’ या शब्दात ओझे वाहणारा माथाच आहे आणि १९६९ च्या कायद्याने त्या शब्दास हक्कांची जोड मिळाली. ‘कंटेनर’ मात्र आत काय आहे हे सांगत नाही, ते कोणी उचलले हेही नाही. गोदी कामगारांच्या टोळ्या नेमणारे मुंबईचे डॉक लेबर बोर्ड १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले.