मापात पाप : सात तलावांची बेरीज

भागाकार आज होणार नाही. गेल्या आठवड्यात गुणाकारातले सार्थ अंक मोजले, त्यावर परळच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावीत. गुणाकाराचा नियम त्याने बेरजेला लावला आणि गुण गेले. 'नियम बदलतो कसा?' असा त्यांचा रोकडा सवाल आहे. याला आधी हात घालायला हवा. शिवाय जुलै चालू आहे, आणि जुलैत मुंबईकराला बेरजेसाठी उदाहरण शोधायला लागत नाही. पेपरात रोज छापून येतं.

मुंबईला पाणी पुरवणारे सात तलाव काठोकाठ भरले की साठा असा, दशलक्ष लिटरमध्ये : ऊर्ध्व वैतरणा २,२७,०४७, मोडकसागर १,२८,९२५, तानसा १,४५,०८०, मध्य वैतरणा १,९३,५३०, भातसा ७,१७,०३७, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३. (पवई यात का नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पवईचं पाणी पिण्यासाठी घेत नाहीत, म्हणून.)

आता हे लिटरमध्ये, वैज्ञानिक रूपात मांडू. भातसा म्हणजे ७.१७०३७ गुणिले १० चा अकरावा घात. तुळशी म्हणजे ८.०४६ गुणिले १० चा नववा घात. घाईतला विद्यार्थी समोरचे आकडे बघतो, सात आणि आठ मिळवून पंधरा करतो, आणि इवलीशी तुळशी भातसापेक्षा मोठी होऊन बसते. बेरजेआधी घात सारखे करायचे, ही पहिली अट. तुळशीचा घात नवावरून अकरावर न्यायचा तर दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकतं : ०.०८०४६. आता दोघांचाही घात ११ झाला, त्याला बाजूला बसवू.

समजा, भातसाचा आकडा आपल्याला दुसऱ्या दशांशस्थळापर्यंतच खात्रीचा वाटतो, म्हणजे ७.१७. त्यात ०.०८०४६ मिळवले की ७.२५०४६ येतात. लिहायचे मात्र ७.२५. कारण भातसाच्या तिसऱ्या घरात शून्य नाही, तिथे काय आहे ते ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्यात तुळशीचा कितीही चोख आकडा मिळवला तरी उत्तर ठाऊक नसलेलंच राहणार.

मुलाची गाडी घसरली ती इथे. तुळशी ०.०८ अशी लिहिली तर तिच्यात सार्थ अंक एकच. गुणाकाराचा नियम लावला की उत्तरातही एकच अंक ठेवायचा, म्हणजे नुसते ७. तुळशी तर गेलीच, वर भातसाचे १७ सुद्धा बुडाले! बेरजेत अंक किती हे बघायचं नसतं, कुठल्या घरापर्यंत खात्री आहे ते बघायचं असतं. ज्याची खात्री सगळ्यात आधी संपते, त्याच्या शेवटच्या घरात उत्तर थांबतं. ७.१७ आणि ०.०८ मिळून ७.२५, अगदी सरळ.

दुसरी खोड जास्त छुपी आहे, आणि माझ्या फार आवडीची. सातही तलाव आधीच दोन दशांशांवर आणून मिळवा : २.२७, १.२९, १.४५, १.९४, ७.१७, ०.२८, ०.०८. बेरीज १४.४८. आता सगळे अंक ठेवून मिळवा, १४.४७३६३, आणि मग शेवटी एकदाच छाटा : १४.४७. शेवटच्या घरातल्या एकाचा फरक. क्षुल्लक? घात अकरावा आहे हो. तो एक म्हणजे शंभर कोटी लिटर. मुंबईला दिवसाला सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, त्या हिशेबाने सहा तासांचं पाणी आपण नुसत्या छाटाछाटीत पैदा केलं. छाटणी शेवटी, एकदाच.

उलटी गंमतही बघा. सातही तलावांचा साठा तीन अंकांत १.४५ गुणिले १० चा बारावा घात. त्यातून एका दिवसाचा पुरवठा वजा करायचा, म्हणजे ०.००३८५. उत्तर पुन्हा १.४५. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सगळं शहर प्यायलं, न्हालं, धुणीभांडी झाली, आणि आकडा जागचा हलला नाही. गिरगावच्या नळांना पाणी देणाऱ्या मलबार हिलच्या जलाशयाचं तर नावच काढू नका. सुमारे पंधरा कोटी लिटरची ती टाकी या बेरजेत कुठल्या कुठे विरघळेल.

मग १४,४७,३६३ मधले शेवटचे ६३ किती खरे? तलावाचं पाणी कुणी लिटरच्या मापाने मोजत नाही. पातळी वाचतात आणि कोष्टकावरून साठा काढतात. विहार ८०.१२ मीटरला ओसंडतो. ही उंची 'टाउन हॉल डेटम'वरून धरतात, म्हणजे फोर्टातल्या, एशियाटिकच्या पायऱ्यांच्या त्याच टाउन हॉलचं नाव. वाचन सेंटिमीटरपर्यंतचं. विहारचा भरलेला पसारा सुमारे ७ चौरस किलोमीटर, त्यावर एक सेंटिमीटरचा थर म्हणजे सात कोटी लिटर, अर्थात ७० दशलक्ष. वाऱ्याने पाणी हिंदकळलं आणि वाचनात सेंटिमीटरची गल्लत झाली, की २७,६९८ मधल्या ९८ चा भरवसा संपला. तळाला साचणारा गाळ मी अजून धरलेलाच नाही. भातसाचा पसारा तर याहून कितीतरी मोठा, तिथे एका सेंटिमीटरला याहून जास्त पाणी. तरी पेपरात एकूण साठ्याची टक्केवारी दोन दशांशांपर्यंत छापतात. त्यातलं दुसरं दशांशस्थळ हलायला दोन विहारांएवढ्या पसाऱ्यावर एका सेंटिमीटरची चूक पुरते.

बाईंच्या चिरंजीवांसाठी एक वजाबाकी देतो. भातसात काल ७.१३२ आणि आज ७.१७०, दोन्हींचा घात ११. रात्रीत किती पाणी वाढलं, आणि त्या उत्तरात सार्थ अंक किती उरले? चारांचे दोन झाले तर दचकू नये. ते का झाले, हे भागाकाराच्या आधी सांगावं लागेल, म्हणजे भागाकार बहुधा पुढच्या आठवड्यातही नाही.