चार्जरमधली सांडणारी कॉइल

मोबाइल चार्जरमधला स्विच सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतो. त्याला जोडलेली कॉइल डमरूसारख्या उघड्या फेराइटवर गुंडाळलेली असेल, तर चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि शेजारच्या फिल्टर कॉइलमध्ये नको तो व्होल्टेज उपजतो. मग फिल्टर कितीही भारी बसवा, गोंगाट त्याला वळसा घालून पुढे जाणारच.

पहिला उपाय फुकटचा: जागा बदला. जवळचं हे क्षेत्र साधारण अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा उरतो. छोट्या बोर्डावर तेवढी ऐसपैस जागा कुठली? तिथे दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात बसवतात. बंदिस्त, शील्डेड कॉइल वापरली तर उत्तमच.

चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधल्या फटीतूनही क्षेत्र सांडतं, म्हणून ती फट मधल्या पायातच ठेवावी. वरून तांब्याची पट्टी गुंडाळून तिची टोकं सोल्डर करतात. तिच्यातले एडी करंट गळतीला विरोध करतात. पट्टी अख्ख्या कोअरच्या बाहेरूनच हवी. मधल्या पायाभोवती गेली, तर तो शॉर्ट झालेला वेढा ठरतो! १०० किलोहर्ट्झला ०.२ मिमी तांबंही उपयोगी पडतं. ५० हर्ट्झचं क्षेत्र मात्र त्याला जुमानत नाही.

या गोंगाटाची खरखर ऐकायचीच असेल, तर मीडियम वेव्हवर लावलेला ट्रान्झिस्टर रेडिओ चार्जरजवळ न्या आणि फिरवून पाहा. त्याचा फेराइट अँटेना नेमकं चुंबकीय क्षेत्रच पकडतो.