आंबवलेले दूध आणि हृदय

पूर्व आफ्रिकेतील मसाई पशुपालकांचे मुख्य अन्न दूध व मांस. तरी त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अल्प आढळले. १९७४ साली अमेरिकन संशोधक जॉर्ज मान व त्यांच्या सहकाऱ्याने काही मसाई पुरुषांना आंबवलेले दूध भरपूर पाजले, तेव्हा वजन वाढूनही कोलेस्टेरॉल घटले. काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू आतड्यातील पित्तक्षारांचे विघटन करतात. ते मलावाटे निघून गेले, की नवे पित्त बनविण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल वापरते, अशी एक उपपत्ती आहे. हा गुण प्रत्येक जिवाणूत नसतो आणि घरच्या विरजणात कोणते जिवाणू असतील याचा नेम नाही. शिवाय मसाई गुरांमागे दिवसभर चालत, हेही ध्यानात घ्यावे लागते. नंतरच्या चाचण्यांत दिसलेली घट माफकच होती. दह्याच्या भरवशावर औषध सोडणाऱ्या हृदयरोग्याला ती पुरत नाही.