जो तिथे नाही, त्याच्यासाठी
दिल्लीच्या आकाशवाणीवर घडलेली धावत्या समालोचनाची कला आणि तिचे दोन मोठे कलावंत

३१ जानेवारी १९४८. दिल्लीतल्या बिर्ला हाउसपासून यमुनाकाठच्या राजघाटापर्यंतचा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. गांधीजींचा देह एका लष्करी गाडीवर ठेवलेला होता. गाडीचं इंजिन बंद होतं आणि तिन्ही सैन्यदलांचे जवान ती दोरखंडांनी ओढत होते. दुपारी बाराच्या आत निघालेली अंत्ययात्रा राजघाटावर पोहोचेपर्यंत चार वाजून गेले. या यात्रेसोबत ऑल इंडिया रेडिओची एक व्हॅनही पुढे सरकत होती. तिच्यात माईक घेऊन बसलेले मेलव्हिल डिमेलो जे दिसत होतं ते इंग्रजीतून देशाला सांगत होते. रामदास गांधींनी चंदनाच्या चितेला अग्नी दिला तेव्हाही ते बोलतच होते. हे समालोचन सुमारे सात तास चाललं.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात रेडिओ संच होते जेमतेम पावणेतीन लाख. दूरदर्शन यायला अजून अकरा वर्षं होती. दिल्लीत नसलेल्या माणसाला आपल्या बापूंचा शेवटचा प्रवास त्याच क्षणी समजायचा, तर डिमेलोंच्या आवाजाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. त्यांचा गळा दाटून आला असता आणि शब्द थांबले असते, तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा रस्ताही तिथेच थांबला असता. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून दुसऱ्याला आधी दाखवायचं, ही या कलेची पहिली अट. त्या दिवशी डिमेलोंनी ती सात तास पाळली.

धावत्या समालोचनाला आपण सहसा वक्तृत्वाच्या खात्यात टाकतो. आवाज चांगला, शब्द भरपूर आणि बोलण्यात ओघ असला की झाला समालोचक, अशी समजूत असते. माझ्या मते ही कला त्याहून फार निराळी आहे. वक्त्यासमोर श्रोते बसलेले असतात. समालोचकाचा धनी मात्र तिथे नसतोच. तो कुठेतरी दूर, कान लावून बसलेला असतो, आणि डोळे समालोचकाच्या हवाली करून बसलेला असतो. उत्तम समालोचन कोणतं आणि नुसती बडबड कोणती, हे ठरवण्याची कसोटी एकच: त्या न दिसणाऱ्या माणसाला दिसलं का?

या कसोटीचा उगम फार सुंदर आहे. १५ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने इंग्लंड आणि वेल्स यांच्यातला रग्बीचा सामना ट्विकेनहॅमच्या मैदानावरून थेट प्रसारित केला. माईकवर होते टेडी वेकलम. त्यांना या कामाचा काहीच अनुभव नव्हता, कारण त्या देशात तो कुणालाच नव्हता. तेव्हा निर्मात्याने एक युक्ती केली. रग्बीची आवड असलेल्या एका अंध माणसाला त्यांच्याजवळ आणून बसवलं आणि सांगितलं, खेळ याला समजावून सांगा. जगभरच्या समालोचकांना यापेक्षा चांगला धडा आजवर कुणी दिलेला नाही.

दिल्लीत रेडिओ आला तोही त्याच बीबीसीचं बोट धरून. बीबीसी घडवणारे जॉन रीथ हे स्कॉटिश गृहस्थ. रेडिओ ही लोकसेवा आहे, ही त्यांची ठाम धारणा होती. त्यांच्या संस्थेतले लायनेल फील्डन १९३५ मध्ये भारतात आले. १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रोडवरच्या एका बंगल्यातून दिल्ली केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. संसद मार्गावरची आजची इमारत १९४३ मध्ये वापरात आली. ३ जून १९४७ रोजी माउंटबॅटन, नेहरू, जिना आणि बलदेव सिंग हे चौघे फाळणीच्या योजनेविषयी दिल्ली केंद्रावरून देशाशी बोलले. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी गांधीजी या इमारतीत आले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांना उद्देशून बोलले. त्यांची ही इथली एकमेव भेट. आपल्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसांपर्यंत आवाजाने पोहोचायचं, हे रेडिओचं काम त्या दिवशी महात्म्यानेही केलं.

डिमेलो याच घरातले. १९१३ साली सिमल्यात जन्मलेले, अँग्लो-इंडियन समाजातले, लष्करात अधिकारी राहिलेले आणि मग रेडिओत आलेले. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गीरच्या जंगलावरच्या त्यांच्या ‘लाली अँड द लायन्स ऑफ गीर’ या श्राव्य माहितीपटाला ‘प्री इटालिया’ हे रेडिओविश्वातलं मानाचं पारितोषिक मिळालं. समारंभाचं समालोचन आणि जंगलातला माहितीपट या वरवर दोन दिशा वाटतात, पण काम एकच आहे. सिंहाची चाहूल असो की सैन्याचं संचलन, ते घरात बसलेल्या माणसाच्या कानातून डोळ्यांपर्यंत न्यायचं.

हे काम एकटा आवाज करत नाही, त्यामागे यंत्रणा उभी असते. मैदानावर किंवा रस्त्यावर ओबी, म्हणजे बाह्य प्रक्षेपणाची, व्हॅन लागते. तिथून टेलिफोनच्या खास तारेने आवाज केंद्राच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून प्रक्षेपकांकडे. समालोचकाच्या हातात अनेकदा लिप-माईक असतो. त्याच्या माथ्याशी एक छोटी पट्टी असते, ती वरच्या ओठाला टेकवून बोलायचं. त्यामुळे तोंड आणि आतली धातूची तलम रिबन यांच्यातलं अंतर कायम सारखं राहतं. ओठांशी निघालेला आवाज रिबन उचलते आणि लांबून येणारा गलबला बराचसा गाळला जातो. पन्नास हजार लोक ओरडत असतानाही समालोचकाला किंचाळावं लागत नाही, ते या पट्टीमुळे. गर्दीच्या आवाजासाठी वेगळा माईक ठेवलेला असतो आणि व्हॅनमधला अभियंता दोन्ही आवाजांचं मिश्रण करतो. समालोचक थांबला की तो गर्दीचा आवाज वर आणतो. म्हणून रेडिओवर योग्य वेळी गप्प राहणं म्हणजे पोकळी नव्हे. बँडचे सूर, घोड्यांच्या टापा, टाळ्यांची लाट यांना त्यामुळे बोलायला जागा मिळते. ही समज असलेला समालोचक अभियंत्याशी नजरेनेच बोलतो.

आता दुसऱ्या कलावंताकडे. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं ते इंग्रजी समालोचन राजस्थानात एक सोळा वर्षांचा मुलगा ऐकत होता. ते ऐकून त्याने आईला सांगितलं, मी हेच काम करणार, आणि हिंदीतून करणार. त्याचं नाव जसदेव सिंह. शाळेत हिंदी न शिकलेल्या, उर्दूवर वाढलेल्या मुलाचा हा निश्चय होता. आवाजाच्या पहिल्या चाचणीत त्यांना नकार मिळाला. त्यांनी पुन्हा तयारी केली आणि १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या जयपूर केंद्रात दाखल झाले. तिथून ते दिल्लीला आले. १९६३ पासून स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाच्या समालोचनात त्यांचा आवाज देशाच्या इतका ओळखीचा झाला, की अनेक घरांत २६ जानेवारीची सकाळ त्या आवाजानेच उजाडायची.

राजपथावरचं संचलन रेडिओवर सांगणं फार अवघड. चित्ररथ रंगांचा, गणवेश रंगांचा, विमानांची कवायत आकाशातली. सगळाच सोहळा डोळ्यांचा. तुकडी सलामी मंचासमोरून काही क्षणांत निघून जाते. त्या तेवढ्या वेळात तिचं नाव, तिचा इतिहास, पुढे चालणारा अधिकारी, पोशाखाचा रंग आणि चालण्याचा डौल हे सगळं बसवायचं. पुढची तुकडी येऊन ठेपलेली असते, त्यामुळे मागचं वाक्य ओढत नेता येत नाही. म्हणूनच आधीचा गृहपाठ अफाट लागतो: तुकड्यांचा क्रम, सरावाच्या दिवशी घेतलेली वेळ, मानचिन्हांची माहिती. आणि त्या कागदांत नसलेलं काही समोर दिसलं, तर कागद बाजूला ठेवण्याची तयारीही लागते. जसदेव सिंहांच्या हिंदीत उर्दूचा गोडवा मुरलेला होता. धुकं, ऊन, झाडं यांचा उल्लेख ते सोहळ्याच्या वर्णनात सहज गुंफत, एखादा शेरही पेरत. ऐकणाऱ्याला त्यामुळे मिरवणुकीबरोबर दिल्लीची थंडीही जाणवायची.

त्यांचा दुसरा प्रांत हॉकीचा. हॉकीत चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला काही सेकंदांत जातो, तेव्हा वाक्य पूर्ण करण्याचा हट्ट सोडावा लागतो. खेळाडूचं नाव, मैदानाचा भाग, पासची दिशा: एवढ्यावर श्रोत्याच्या मनात मैदान उभं राहिलं पाहिजे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरच्या मर्डेका स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजित सिंगने बरोबरी साधली आणि अशोक कुमारच्या गोलने भारत २-१ असा जिंकला. तो शेवटचा गोल झाला की नाही, यावर प्रतिस्पर्ध्यांनी मैदानातच हुज्जत घातली. पुन्हा पाहण्याची सोय नसलेल्या त्या काळात भारतातल्या घराघरांत हा सामना कानांनीच पाहिला गेला, आणि त्याची आठवण काढणारे बहुतेक लोक जसदेव सिंहांच्या आवाजाचीही आठवण काढतात. कारकिर्दीत एकूण त्यांनी नऊ ऑलिंपिक, आठ हॉकी विश्वचषक आणि सहा आशियाई स्पर्धांचं समालोचन केलं. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना ‘ऑलिंपिक ऑर्डर’ दिली. १९८५ मध्ये पद्मश्री, २००८ मध्ये पद्मभूषण असे देशाचेही सन्मान झाले. २५ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रात या कलेचं रोप आधीच लागलेलं होतं. मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी १९३४ मध्ये क्रिकेटचं समालोचन सुरू केलं. ते दिवसभर एकटेच बोलत. माईक दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावा लागेल म्हटल्यावर त्यांनी तो सोडूनच दिला. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीतून घराघरांत नेलं. ते स्वतः रणजी सामने खेळलेले, त्यामुळे चेंडू का वळला आणि फलंदाज का फसला हे त्यांना आतून ठाऊक होतं. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांना आणि शाळकरी नातवाला एकाच वेळी खेळ कळावा, ही त्यांच्या मराठीची ताकद. डिमेलोंच्या इंग्रजीतून जसदेव सिंहांची हिंदी उभी राहिली, आणि आपल्याकडे पंडितांनी तेच काम मराठीत केलं. प्रत्येक भाषेला हे स्वतःच करावं लागतं, कारण दुसऱ्याच्या भाषेतलं चित्र डोळ्यांपुढे यायला नेहमी अर्धा क्षण उशीर होतो, आणि धावत्या समालोचनात तेवढा वेळ नसतो.

आवाजाची ही जबाबदारी किती बारीक असते, हे एडिनबरोत जन्मलेल्या जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी दाखवून दिलं. लहानपणी पोलिओशी झुंजलेला हा माणूस सुमारे चाळीस वर्षं बीबीसी रेडिओवर दर शनिवारी फुटबॉलचे निकाल वाचत असे. फक्त संघांची नावं आणि आकडे. पण दुसऱ्या संघाचं नाव ज्या सुरात येई, त्यावरून तो संघ जिंकला, हरला की बरोबरीत राहिला, हे त्याचा आकडा येण्याआधीच श्रोत्यांना समजे. घशाच्या कर्करोगामुळे २०१३ मध्ये त्यांना निवृत्त व्हावं लागलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. चार शब्दांची यादीसुद्धा ऐकणाऱ्याचा विचार करून वाचता येते, हा त्यांचा वारसा.

दिल्लीच्या याच आकाशवाणी भवनात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचा जन्म झाला. पु. ल. देशपांडे त्याच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक. १९७६ मध्ये दूरदर्शन वेगळं झालं, १९८२ मध्ये रंगीत झालं, आणि चित्र दिसू लागल्यावर समालोचकाचं काम बदललं. जे दिसतंय ते सांगायची गरज उरली नाही, म्हणून मतं, आकडे आणि गप्पा वाढल्या. त्यात गैर काही नाही. पण रेडिओवरही हळूहळू तीच सवय शिरली, तेव्हा नुकसान झालं. चेंडू कुठे आहे हे न सांगता खेळाडूच्या कारकिर्दीची चर्चा सुरू झाली, की ऐकणारा आंधळा होतो.

तो ऐकणारा आजही आहे. २६ जानेवारीला कर्तव्यपथावरचं, म्हणजे पूर्वीच्या राजपथावरचं, समालोचन आकाशवाणी आजही हिंदी आणि इंग्रजीतून देते. रात्रभर ट्रक चालवणारा, इमारतीच्या फाटकावर उभा असलेला रखवालदार, स्वयंपाकघरात हात गुंतलेली गृहिणी, आणि ज्याला डोळ्यांनी कधीच पाहता येणार नाही असा माणूस, हे सगळे त्या आवाजाचे धनी आहेत. यातल्या शेवटच्या माणसासाठी तर दुसरा कुठला पर्यायच नाही. म्हणून ही कला जुन्या काळाची आठवण म्हणून सांभाळू नये, कसब म्हणून शिकवावी. आपल्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत धावत्या समालोचनाचा तास असावा. विद्यार्थ्यांना आधी मैदानावर न्यावं आणि वेकलमना मिळाला तसा एक अंध श्रोता शेजारी बसवावा. गुण त्यानेच द्यावेत. पंढरीच्या वारीपासून कुस्तीच्या फडापर्यंत मराठीत सांगण्यासारखं खूप आहे, आणि ते ज्याला दिसत नाही त्याला ते दाखवणं हे आपलं देणं आहे.